मुठीतलं घड्याळ

सुरुवात स्वतःच्या फजितीपासून करतो. गेल्या वर्षी इंटर-कॉलेज स्पर्धेत मी १५०० मीटरच्या शर्यतीत उतरलो होतो. बंदूक वाजली आणि जो सुटलो तो थेट सगळ्यांच्या पुढे! पहिला राउंड संपला तेव्हा होस्टेलची अख्खी गँग कठड्यावर चढून माझ्या नावाने ओरडत होती. दुसऱ्या राउंडला मागून कुणाच्या तरी बुटांचा आवाज आला म्हणून आणखी जोर लावला. तिसऱ्या राउंडला पोटात कळ आली, पाय शिशासारखे जड झाले... आणि शेवटी आठ जणांत सातवा आलो. आठवा मध्येच खाली बसला होता, म्हणून सातवा.

संध्याकाळी स्पोर्ट्सच्या सरांनी एकच प्रश्न विचारला. पहिला राउंड किती सेकंदांत मारलास? मला सांगता येईना. मला मागे टाकून गेलेल्या पोरांचे बूट कुठल्या रंगाचे होते, ते मात्र पक्कं आठवत होतं. सर हसले आणि म्हणाले, पावो नुर्मी वाच.

तो वाचला, आणि म्हणून हा लेख.

आपल्याकडे खेळातली मानसिक तयारी म्हटली की लगेच डोळे मिटून जिंकल्याचं चित्र बघणं, नाहीतर आरशासमोर उभं राहून स्वतःला धीर देणं वगैरे आठवतं. रूमच्या दारावर पोस्टर चिकटवलं की झालं! नुर्मीच्या बाबतीत असलं काहीच नव्हतं. हा माणूस मुळात बोलायचाच इतका कमी की त्याच्याकडून प्रेरणादायी वाक्य मिळवणं म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री कोरी जर्नल शीट मिळवण्याइतकं अवघड. त्याने आपल्या मनाला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे धावताना लक्ष कुठे ठेवायचं. आणि त्या एका गोष्टीवर ९ ऑलिंपिक सुवर्ण, ३ रौप्य आणि २२ अधिकृत विश्वविक्रम!

पावो नुर्मीचा जन्म १३ जून १८९७ चा, फिनलंडमधल्या तुर्कू या बंदराच्या गावातला. वडील सुतार. ते १९१० मध्ये वारले तेव्हा पावो जेमतेम तेरा वर्षांचा. घरात आई आणि धाकटी भावंडं. पैशासाठी स्वयंपाकघर भाड्याने देऊन सगळं कुटुंब एका खोलीत राहू लागलं. अभ्यासात हुशार असलेल्या पोराने शाळा सोडली आणि एका बेकरीत पोऱ्या म्हणून कामाला लागला. तुर्कूचे रस्ते चढाचे. त्या चढांवरून मालाने भरलेली हातगाडी ढकलायची, हे त्याचं रोजचं काम. आपल्या पाया-पाठीतली ताकद त्या हातगाडीतून आली असं तो पुढे मानत असे. आपण जिमची फी भरतो, त्याला जिमनेच पगार दिला म्हणायचं!

१९१२ साली स्टॉकहोमला ऑलिंपिक झालं. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याखाली होता. हान्नेस कोलेहमाइनेन नावाच्या फिनिश धावपटूने तिथे तीन सुवर्णपदकं जिंकली, पण त्याच्यासाठी झेंडा चढला तो रशियाचा. ही बातमी तुर्कूपर्यंत आली आणि पंधरा वर्षांच्या पावोने काही दिवसांतच धावायचे पहिले बूट विकत घेतले. कोच नाही, डाएट चार्ट नाही. चहा-कॉफी बंद, मांस बंद, आणि उन्हाळ्यात धावणं, हिवाळ्यात बर्फातून लांबच लांब चालणं न् स्कीइंग.

१९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला आणि १९१९ मध्ये नुर्मी सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाला. तिथला एक किस्सा फिनलंडमध्ये अजून सांगतात. वीस किलोमीटरची मार्चची स्पर्धा होती. खांद्यावर रायफल, कमरेला काडतुसांचा पट्टा, पाठीवर पाच किलो वाळू भरलेली सॅक. धावायला परवानगी होती. बाकीचे चालत-पळत निघाले, हा पठ्ठ्या सगळं अंतर धावतच गेला. इतक्या लवकर पोचला की यानं कुठेतरी शॉर्टकट मारला असणार, असा संशय काही लोकांना आला.

पुढच्याच वर्षी, १९२० ला, अँटवर्प ऑलिंपिक. नुर्मीची पहिलीच मोठी शर्यत ५००० मीटरची, आणि ती तो हरला! फ्रान्सचा जोसेफ गियमो त्याच्या मागे चिकटून राहिला आणि शेवटी सुसाट पुढे निघून गेला. तीन दिवसांनी १०,००० मीटरला नुर्मीने त्याची परतफेड केली. शिवाय क्रॉस-कंट्रीत वैयक्तिक आणि सांघिक अशी आणखी दोन सुवर्णं मिळवली. तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आलेल्या पोराचं देशाने कौतुक केलं. आईच्या घरात वीज आणि नळाचं पाणी आलं, आणि नुर्मीला हेलसिंकीच्या औद्योगिक शाळेत शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे तसा तो आपल्याच जातकुळीतला, डिप्लोमावाला म्हणा हवं तर!

पण ते एक रौप्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत फिनलंडबाहेरच्या माणसाकडून तो हरला तो आयुष्यात तेवढा एकदाच. कुणीही दुसरा असता तर पुढच्या वर्षी गियमोला बघून घेतो म्हणाला असता. नुर्मीने उलटं केलं. गियमोकडे बघणंच त्याने बंद केलं, आणि फक्त गियमोकडे नाही, सगळ्यांकडेच. त्याने स्टॉपवॉच घेतलं आणि मुठीत धरून धावायला लागला. सरावात तर हातात घड्याळ असायचंच, पण शर्यतीतसुद्धा! राउंड संपला की मान किंचित खाली, काट्यावर एक नजर, आणि पुढे. प्रेक्षकांना हे विचित्र वाटायचं. माणसं जिवाच्या आकांताने पळताहेत आणि हा गाडीची वेळ बघावी तसा घड्याळ बघतोय.

आता यात काय एवढं, असं वाटेल. थोडं आपल्या भाषेत बोलू. टी.ई.ला कंट्रोल सिस्टिम्स शिकतो ना आपण? सेट पॉइंट, सेन्सर, एरर, करेक्शन. मी जेव्हा माझी ती भव्य शर्यत धावलो तेव्हा माझा सेट पॉइंट काय होता? पुढचा माणूस, मागच्या बुटांचा आवाज, कठड्यावरची गँग! दर दहा सेकंदांनी बदलणारा सेट पॉइंट असलेली सिस्टिम स्थिर कशी राहणार? नुर्मीचा सेट पॉइंट शर्यतीआधीच ठरलेला असायचा. ५००० मीटर अमुक वेळात, म्हणजे प्रत्येक राउंड तमुक सेकंदांत. घड्याळ हा सेन्सर. एखादा सेकंद जास्त लागला तर तेवढीच दुरुस्ती, आणि कमी लागला तरीही दुरुस्ती. हा दुसरा भाग जास्त अवघड आहे, कारण अंगात दम असताना मुद्दाम हळू व्हायला मन तयार होत नाही. लोक जल्लोष करत असताना तर अजिबात नाही.

शरीराच्या बाजूनेही हिशेब बरोबर बसतो. सुरुवातीलाच वेग वाढवला तर स्नायूंना लागणारा ऑक्सिजन रक्तातून पुरेसा पोचत नाही, ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढावी लागते आणि तिची किंमत पुढे मोजावी लागते. नुर्मी धावत होता त्याच काळात इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल हा शास्त्रज्ञ ऑक्सिजनच्या या उधारीचा अभ्यास करत होता. १९२२ चं नोबेल मिळालेला हिल मूळचा गणिताचा. एकाने समीकरणं मांडली, दुसऱ्याने ती पायांनी सोडवली.

मनाच्या बाजूने मात्र नुर्मी काळाच्या उलट्या दिशेला चालला होता. १८९८ मध्ये, म्हणजे हा एक वर्षाचा असताना, नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अमेरिकन संशोधकाने सायकल शर्यतींचे आकडे तपासून दाखवलं होतं की माणूस एकटा घड्याळाशी लढतो त्यापेक्षा सोबत कुणी असलं की जास्त वेगाने जातो. खेळाच्या मानसशास्त्रातला हा अगदी पहिल्या अभ्यासांपैकी एक. खोटं काहीच नाही त्यात. कठड्यावरची गँग बघून मी खरंच वेगाने पळालो होतो! फक्त तो वेग माझ्या कामाचा नव्हता. नुर्मीने दुसऱ्याच्या सोबतीने मिळणारा हा फुकटचा जोर नाकारला आणि त्याबदल्यात स्वतःच्या वेगावरचा ताबा मिळवला. हळूहळू घड्याळ नुसतं मोजायचं साधन राहिलं नाही, त्याने घड्याळावर स्वतःचं कॅलिब्रेशन करून घेतलं. हजारो राउंड काट्याशी ताडून पाहिल्यावर अमुक वेग म्हणजे पायांना कसं वाटतं, श्वास कसा चालतो, हे त्याच्या अंगात मुरलं.

आकडेच बघायचे तर १९२१ मध्ये १०,००० मीटरचा विश्वविक्रम, १९२२ मध्ये २०००, ३००० आणि ५००० मीटरचे, १९२३ मध्ये स्टॉकहोमला एक मैल ४ मिनिटं १०.४ सेकंदांत. एक मैल, ५००० आणि १०,००० या तिन्हींचे विक्रम एकाच वेळी नावावर असलेला तो पहिलाच माणूस.

खरी परीक्षा १९२४ ला आली. पॅरिस ऑलिंपिकचं वेळापत्रक आलं आणि फिनलंडमध्ये गोंधळ उडाला. १५०० मीटर आणि ५००० मीटर, दोन्ही अंतिम शर्यती एकाच दिवशी, एकामागोमाग एक! नुर्मीला दोन्ही धावायच्या होत्या. फिनिश अधिकाऱ्यांनी तक्रार केली, मधली वेळ थोडी वाढली, पण तेवढंच. त्यात त्या वर्षी बर्फावरून घसरून त्याचा गुडघा दुखावला होता.

आपण काय केलं असतं? तक्रारी. निदान मी तरी. नुर्मीने १९ जूनला हेलसिंकीत त्या दिवसाची रंगीत तालीमच केली. आधी १५०० मीटर धावला, ३ मिनिटं ५२.६ सेकंद, विश्वविक्रम. एक तास थांबला. मग ५००० मीटर, १४ मिनिटं २८.२ सेकंद, हाही विश्वविक्रम. कॅल्क्युलेटर काढा, ४०० मीटरचा प्रत्येक राउंड सरासरी साडेएकोणसत्तर सेकंदांत पडतो, आणि तेही एका तासापूर्वी विश्वविक्रम केल्यावर. आज खेळाडूंना मानसशास्त्रज्ञ सांगतात की स्पर्धेच्या दिवशीची परिस्थिती सरावात जशीच्या तशी उभी करा, म्हणजे तो दिवस मनाला अनोळखी वाटणार नाही. त्याला सिम्युलेशन ट्रेनिंग असं भारदस्त नाव आहे. नुर्मीने ते कुणी नाव द्यायच्या आत करून टाकलं. मला तर या सगळ्या चरित्रात हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते, पदकांपेक्षाही. पॅरिसला पोचण्यापूर्वीच अशक्य वाटणारा तो दिवस त्याने एकदा जगून घेतला होता.

१० जुलै १९२४, कोलोंब स्टेडियम. १५०० मीटरला तो पुढे निघाला, काट्यावर नजर टाकत राहिला, आणि शेवटचा टप्पा आला तशी घड्याळ गवतावर फेकून दिलं. घड्याळाचं काम संपलं होतं. शर्यत जिंकून, अंगावर स्वेटर चढवून तो सरळ आत निघून गेला. दोन तासही झाले नाहीत तोच ५००० मीटरची बंदूक वाजली. त्याच्याच देशाचा विल्ले रिटोला आणि स्वीडनचा एडविन वीडे यांनी ठरवल्यासारखा सुरुवातीलाच भयंकर वेग धरला. नुर्मी दमलेला आहे, आत्ताच तोडून टाका, असा साधा हिशेब. इथे तो घड्याळवाला माणूस दिसतो. ते दोघे पुढे गेले, याने जाऊ दिलं. मागे लागला नाही, आपल्या वेगाने धावत राहिला. अंतर आपोआप कमी झालं, वीडे मागे पडला. शेवटी राहिला रिटोला. त्याने शेवटच्या वळणानंतर जोर लावला, नुर्मीने तेवढाच वाढवला, आणि ०.२ सेकंदांनी जिंकला. १४ मिनिटं ३१.२ सेकंद. दोन्ही शर्यतींत ऑलिंपिक विक्रम!

दोन दिवसांनी क्रॉस-कंट्री झाली, पॅरिसमध्ये चाळीस अंशांच्या वर ऊन असताना. अडतीस जण निघाले, पंधराच पोचले. कुणी भोवळ येऊन पडलं, कित्येकांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. नुर्मी जवळजवळ दीड मिनिटाच्या फरकाने पहिला आला. त्या ऑलिंपिकमध्ये एकूण पाच सुवर्णपदकं. १०,००० मीटर त्याला त्याच्याच अधिकाऱ्यांनी धावू दिलं नाही, तिथे रिटोला जिंकला. नुर्मीने राग मनात ठेवला आणि ऑगस्टअखेर कुओपिओ गावात १०,००० चा विक्रम ३० मिनिटं ६.२ सेकंदांवर आणून ठेवला. तो पुढे जवळजवळ तेरा वर्षं टिकला. आता हा राग होता की हिशेब, तुम्हीच ठरवा.

१९२५ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि पाच महिन्यांत पन्नासहून जास्त शर्यती धावला, त्यातल्या बोटांवर मोजण्याइतक्याच गमावल्या. गंमत म्हणजे त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ या प्राध्यापकाने खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उघडली. अमेरिकन वर्तमानपत्रं मात्र नुर्मीला यंत्र म्हणून मोकळी झाली. चेहऱ्यावर काही दिसत नाही, बोलत नाही, हसत नाही.

१९२८ ला ॲम्स्टरडॅममध्ये या यंत्राचं एक वेगळं रूप दिसलं. ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तो पाण्याच्या अडथळ्यात आडवा पडला. लुसिएन द्युकेन नावाच्या फ्रेंच धावपटूने थांबून त्याला हात दिला. मग नुर्मीने बाकीची शर्यत त्याला सोबत घेऊन काढली, सगळ्यांना मागे टाकलं आणि शेवटी पहिला नंबर त्यालाच देऊ केला. त्याने नम्रपणे नकार दिला. त्या ऑलिंपिकमध्ये नुर्मीने १०,००० ला सुवर्ण आणि ५००० व स्टीपलचेसला रौप्य मिळवलं. वय एकतीस.

इथपर्यंत वाचताना मला वाटत होतं की सूत्र सापडलं, घड्याळ घ्यायचं आणि बाकी जग बंद करायचं. पण पुढचा भाग तसा सोपा नाही.

त्याला शेवट मॅरेथॉनने करायचा होता, लॉस एंजेलिसला, १९३२ मध्ये. जूनमध्ये व्हिपुरीला ४०.२ किलोमीटर तो २ तास २२ मिनिटांच्या थोडं वर धावला होता, तयारी जय्यत होती. पण शर्यतींसाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याला आधीच निलंबित केलं होतं, आणि ऑलिंपिकच्या उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना त्या बंदीवर शिक्कामोर्तब झालं. नुर्मी तिथे पोचलेला होता, सराव करत होता. मॅरेथॉनमधल्या कितीतरी प्रतिस्पर्ध्यांनी त्याला धावू द्या म्हणून विनंती केली. काही उपयोग झाला नाही. तो ही बंदी आयुष्यभर विसरला नाही. ट्रॅकवर रिटोलाला खुशाल पुढे जाऊ देणाऱ्या माणसाला हे सोडून देता आलं नाही. इथे घड्याळात बघायला काही नव्हतंच.

घरातही तेच. १९३२ मध्ये लग्न झालं, मुलगा झाला, आणि तीन वर्षांत घटस्फोट. पत्नीची तक्रार होती की याचं सगळं लक्ष खेळावर. तान्ह्या मुलालाही धावपटू करायचं याच्या डोक्यात. ज्या लक्ष लावण्याने पदकं दिली त्यानेच घर रिकामं केलं, असं लिहायचा मोह होतो. पण परक्या संसाराबद्दल मी कोण बोलणार?

१९३४ मध्ये त्याने धावणं थांबवलं. हेलसिंकीत कपड्यांचं दुकान काढलं, इमारती बांधल्या आणि चांगला श्रीमंत झाला. इथेही एकट्याने, हिशेबाने, न बोलता.

१९ जुलै १९५२. हेलसिंकी ऑलिंपिकचं उद्घाटन. मशाल घेऊन शेवटी कोण येणार हे गुपित ठेवलं होतं. दारातून पंचावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला एक माणूस धावत आला, आणि फलकावर नाव झळकताच सत्तर हजार लोक उभे राहिले. रांगेत उभे असलेले देशोदेशीचे खेळाडू शिस्त मोडून ट्रॅकच्या कडेला धावले, नुर्मीची चाल बघायला. त्याने मैदानातली ज्योत पेटवली. उंच मनोऱ्यावरची ज्योत पेटवली ती कोलेहमाइनेनने, ज्याच्यासाठी चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्याचा झेंडा चढला होता. चार दिवसांनी याच ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.

शेवटची वर्षं नुर्मीला जड गेली. हृदयाचा विकार, पक्षाघात, अधू झालेली नजर. मुलाखती तो देतच नसे. १९६७ मध्ये सत्तराव्या वाढदिवसाला तयार झाला, तोही प्रश्न विचारायला खुद्द राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन येणार हे कळल्यावर. या काळात त्याला आपलं धावणं फारसं मोलाचं वाटेनासं झालं होतं. विज्ञान आणि कला यांच्यापुढे खेळ म्हणजे काहीच नाही, असं त्याचं मत झालं होतं. फिनलंडला अर्थातच ते पटलं नाही. त्याचा धावतानाचा पुतळा स्टेडियमपाशी होताच, पुढे १९८७ मध्ये दहा मार्काच्या नोटेवरही त्याचं चित्र आलं.

१९६८ मध्ये त्याने आपल्या पैशातून एक प्रतिष्ठान स्थापन केलं, हृदयविकारावरच्या संशोधनासाठी. २ ऑक्टोबर १९७३ ला हेलसिंकीत तो वारला. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले आणि त्याला तुर्कूत पुरलं, ज्या गावाच्या चढांवर त्याने बेकरीची हातगाडी ढकलली होती तिथेच.

यंदाच्या १५०० ला मी मेसमधल्या एका मित्राचं स्टॉपवॉच मागून घेतलंय. सध्या सरावात पहिला राउंड ठरवल्यापेक्षा चार सेकंद लवकर पडतोय. कठड्यावर कुणी नसतं तरी.